हायबरनेटला टेबलं बनवू द्यायची की आपणच बनवायची? दूध संकलनाच्या प्रोजेक्टमध्ये अडकलोय

नवखा_कऱ्हाडकर

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. फोनवरून मराठी कीबोर्डनं टाइप करतोय त्यामुळं कोडमधली नावंपण देवनागरीतच आहेत.

तर झालंय असं की काकांचं गावात दूध संकलन केंद्र आहे, सकाळ-संध्याकाळ मिळून सव्वाशे-दीडशे लोक दूध घालतात, आणि सगळा हिशेब वहीत. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, म्हटलं प्रोजेक्टपण होईल आणि काकांचं कामपण होईल. स्प्रिंग बूट ३ (जावाचं फ्रेमवर्क, त्यात क्लास आणि टेबलं जोडायचं काम हायबरनेट करतं) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) घेतलं. दोन मुख्य एंटिटी (ज्या क्लासचं टेबल होतं ते): उत्पादक (कोड नंबर, नाव, मोबाईल) आणि संकलन (तारीख, वेळ सकाळ की संध्याकाळ, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून बाकीचा घन भाग, दर, रक्कम). टेबलं मी बनवलीच नाहीत, व्हिडिओमध्ये दाखवलं होतं तसं डीडीएल-ऑटो (हायबरनेटनं टेबलांचं काय करायचं ते ठरवणारी सेटिंग) ला अपडेट लिहिलं, अ‍ॅप चालू केलं की टेबलं आपोआप तयार, मला तर जादूच वाटली.

आता जादू अंगाशी आलीय. परवा मी क्लासमधल्या फॅट या फील्डचं नाव बदलून फॅटटक्के केलं (टक्केचा टी कॅपिटल), कारण सरांनी नाव नीट ठेवा म्हटलं. अ‍ॅप चालू केलं, कुठं एरर नाही काही नाही, पण मागच्या तीन आठवड्यांच्या सगळ्या नोंदींमध्ये फॅट रिकामं! काका म्हणाले, दहा दिवसांचं बिल काढायचंय, फॅट कुठाय? डेटाबेस उघडून बघितला तर दोन कॉलम आहेत, फॅट आणि फॅट_टक्के. त्याशिवाय उत्पादक_संकलने नावाचं एक तिसरंच टेबल दिसतंय जे मी कधी बनवलंच नाही. आणि लिटरची बेरीज कधीकधी पॉइंटनंतर पंधरा-सोळा आकडे दाखवते.

डेटा गेलाय का? आणि मुळात खऱ्या कंपन्यांमध्ये ही टेबलं कोण बनवतं, हायबरनेट की माणूस?

---

एसक्यूएल_आजोबा

बाळा, घाबरू नकोस, डेटा गेलेला नाही. जुन्या फॅट कॉलममध्ये सगळं जसंच्या तसं आहे, फक्त तुझा क्लास आता तिकडं बघतच नाही.

अपडेट काय करतं ते नीट समजून घे म्हणजे पुढं त्रास नाही. अ‍ॅप चालू होताना ते एका बाजूला तुझे क्लास ठेवतं आणि दुसऱ्या बाजूला डेटाबेसमधली टेबलं, आणि जे टेबल किंवा जो कॉलम क्लासमध्ये आहे पण तिकडं नाही तेवढा घालतं. बस. काढत काही नाही. आणि तू नाव बदललंस हे त्याला कळणार तरी कसं? त्याच्या दृष्टीनं फॅट नावाची फील्ड नाहीशी झाली आणि फॅट_टक्के नावाची नवीन आली, म्हणून त्यानं नवीन कॉलम घातला आणि जुना तसाच सोडला. तुझी फील्ड मोठ्या डी ची डबल (दशांश आकडा, रिकामा राहू शकतो) असणार म्हणून नुसतं रिकामं दिसलं. साधी, छोट्या डी ची असती तर हायबरनेटनं कॉलम नॉट नल (रिकामा न चालणारा) बनवायला सांगितला असता, जुन्या ओळी असल्यामुळं पोस्टग्रेसनं साफ नकार दिला असता, हायबरनेटनं लॉगमध्ये एक वॉर्निंग टाकून अ‍ॅप तरीही चालू केलं असतं, आणि पहिली क्वेरी गेल्यावर कॉलमच नाही म्हणून आपटलं असतं. लॉग वाचायची सवय लाव.

आत्ताचं निस्तरायचं तर आधी बॅकअप घे, पीजी-डंप (पोस्टग्रेसची बॅकअपची कमांड) मार, मग एक अपडेट क्वेरी: जिथं फॅट_टक्के नल आहे तिथं त्यात फॅट टाक. मोजून बघ, किती ओळी बदलल्या आणि एकूण किती होत्या. जुळलं की जुना कॉलम ड्रॉप कर. आज रात्रीच ड्रॉप करायची घाई नको, काकांचं बिल निघू दे आधी.

आता तुझा खरा प्रश्न. मी बघितलेल्या बऱ्याच ठिकाणी चालू डेटाबेसवर टेबलं माणूस बनवतो, स्क्रिप्ट लिहून, आणि ती स्क्रिप्ट कोडसोबत गिटमध्ये राहते. डीडीएल-ऑटो ला तिथं नन किंवा व्हॅलिडेट असतं. व्हॅलिडेट म्हणजे हायबरनेट नुसतं तपासतं, टेबल आहे का, कॉलम आहे का, प्रकार जुळतो का, आणि नाही जुळलं तर अ‍ॅप चालूच होऊ देत नाही. तेच पाहिजे आपल्याला. चालू न होणारं अ‍ॅप परवडतं, चुकीचं चालणारं नाही परवडत.

जाता जाता, हे सगळं एचबीएम-टू-डीडीएल या जुन्या नावानं ओळखलं जायचं, सेटिंगचं मूळ नाव अजून तेच आहे. २००१ मध्ये गॅविन किंगनं हायबरनेट सुरू केलं तेव्हा अ‍ॅनोटेशन नव्हतीच, प्रत्येक क्लासमागं एक एक्सएमएल फाइल लिहायला लागायची, तिचं शेपूट एचबीएम. त्या फाइलवरून डीडीएल (टेबल बनवायच्या आज्ञा), म्हणून हे नाव. आम्ही त्या फाइली हातानं लिहिल्यात, तुम्ही पोरं सुखात आहात.

---

पुणेरी_जावा

आजोबांनी फॅटचं सांगितलंय, मी त्या तिसऱ्या टेबलाचं सांगतो, कारण हा प्रश्न दर आठवड्याला कोणीतरी विचारतो आणि कोणीही आधी शोधत नाही. असो.

तू उत्पादक क्लासमध्ये संकलनांची लिस्ट ठेवलीयस आणि त्यावर नुसतं वन-टू-मेनी (एकाला अनेक) लिहिलंयस, बरोबर? मॅप्ड-बाय नाही, जॉइन-कॉलम नाही. मग हायबरनेटला वाटतं की या दोघांचं नातं कुठंतरी लिहून ठेवायला हवं आणि तू जागा सांगितली नाहीस, म्हणून तो स्वतःच मधलं टेबल उघडतो, एका बाजूला उत्पादकाचा आयडी, दुसऱ्या बाजूला संकलनाचा. चूक त्याची नाही.

नातं नेहमी ज्या टेबलात फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीचा आयडी) असते त्या बाजूनं लिहायचं. दुधाची प्रत्येक नोंद कोणाची आहे हे नोंदीवरच असतं ना, वहीत पण तसंच असतं, १४ नंबर, गाय, साडेपाच लिटर. तर संकलन क्लासमध्ये मेनी-टू-वन उत्पादक, जॉइन-कॉलम उत्पादक_आयडी, आणि फेच लेझी (लागेल तेव्हाच आण) हे स्पष्ट लिही, कारण मेनी-टू-वन न सांगता ईगर (लगेच आणणारं) असतं. उत्पादकाच्या बाजूची लिस्ट सरळ काढून टाक असं माझं मत. एका माणसाच्या वर्षभराच्या सातशे-तीस नोंदी (सकाळ-संध्याकाळ धरून, आणि घरी गाय-म्हैस दोन्ही असेल तर दुप्पट) मेमरीत ओढून तुला काय करायचंय? दहा दिवसांचं बिल हवं तर तारखेची क्वेरी लिही. लिस्ट ठेवायचीच असेल तर मॅप्ड-बाय उत्पादक, म्हणजे हायबरनेटला कळतं की मालक समोरची बाजू आहे.

आणि एक, पोस्टग्रेस फॉरेन कीवर आपोआप इंडेक्स (पटकन शोधायची सूची) टाकत नाही. मायएसक्यूएलमध्ये इनोडीबी (त्याचं स्टोरेज इंजिन) टाकतं, त्यामुळं तिकडून आलेल्या लोकांना हे माहितीच नसतं. उत्पादक_आयडी आणि तारीख असा एकत्र इंडेक्स टाक, तुझी बिलाची क्वेरी नेमकी त्याच्यावरच चालणार आहे.

नावाबद्दल पण बोलून घेतो: स्प्रिंग बूट कॅपिटल अक्षर दिसलं की त्याच्या आधी अंडरस्कोअर टाकून सगळं लोअरकेस करतं, म्हणून फॅटटक्केचं फॅट_टक्के झालं. कॉलम अ‍ॅनोटेशनमध्ये तू मुद्दाम कॅपिटलवालं नाव दिलंस तरी तेच करतं, यावर लोकांनी अख्खे दिवस घालवलेत. म्हणून डेटाबेसमध्ये नावं आधीपासून लोअरकेस आणि अंडरस्कोअरनं ठेव, भांडणच नको.

---

बिनधास्त_बाळू

अरे काय त्या पोराला घाबरवताय सगळे मिळून 😄 एक केंद्र, एक कॉम्प्युटर, एकच माणूस वापरणारा. माझं हार्डवेअरच्या दुकानाचं बिलिंग दोन वर्षं अपडेटवर चाललंय, मायएसक्यूएलवर, काही झालं नाही. नवीन फील्ड टाकली, रिस्टार्ट मारला, झालं काम. स्क्रिप्टा लिहायला लागलो असतो तर अजून पहिलं बिल निघालं नसतं. मधे एकदा गिऱ्हाइकांची मराठी नावं नुसती प्रश्नचिन्हं दिसायला लागली होती, ते सोडलं तर झकास.

---

रेवती_के

बाळूदादा, "ते सोडलं तर" म्हणजे गिऱ्हाइकाचं नाव प्रश्नचिन्ह होणं तुम्ही सोडून देताय, कमाल आहे तुमची 😀 तुमचा सर्व्हर जुना, ५.७ किंवा आधीचा असेल तर तिथं न सांगता टेबल लॅटिन-१ मध्ये बनतं, त्यात देवनागरी बसतच नाही, आणि हायबरनेट टेबल बनवताना कॅरेक्टर सेट सांगत नाही, डेटाबेसचा जो असेल तो. प्रश्नचिन्हं एकदा साठवली गेली की मूळ नाव परत मिळत नाही, ती टाइपच करावी लागतात. मायएसक्यूएल ८ पासून यूटीएफ-८-एमबी-४ मुळातच असतं. जुन्या नुसत्या यूटीएफ-८ मध्ये एका अक्षराला तीनच बाइट, देवनागरी तेवढ्यात बसतं पण कोणी नावापुढं इमोजी टाकला की एरर. आणि एमबी-४ करायला गेलात की युनिक असलेल्या २५५ च्या कॉलमवर की फार लांब झाली म्हणून दुसरा एरर यायचा जुन्या व्हर्जनमध्ये, कारण मर्यादा ७६७ बाइट आणि २५५ गुणिले ४ म्हणजे १०२०. जुन्या कोडमध्ये १९१ असा विचित्र आकडा दिसतो ना, तो यातूनच आलाय.

कऱ्हाडकर, तू पोस्टग्रेसवर आहेस, डेटाबेस यूटीएफ-८ असेल तर तुला हा त्रास नाही. फक्त लांबी ठरवताना लक्षात ठेव की वारचार(३०) (अक्षरांचा कॉलम) म्हणजे ३० कोडपॉइंट (युनिकोडमधली सुटी चिन्हं), आणि आपली जोडाक्षरं, काने-मात्रा सगळे वेगवेगळे मोजले जातात. "क्षि" दिसतं एक अक्षर, आहेत चार. नावाला शंभर तरी ठेव.

आता तुझ्या क्लासमधलं मला सगळ्यात जास्त खटकलेलं, जे तू विचारलंच नाहीस. गाय की म्हैस हे इनम (ठरावीक किमतींची यादी) आहे का? आणि त्यावर इन्युमरेटेड स्ट्रिंग लिहिलंयस का? नसेल लिहिलं तर टेबलात ०, १ असे आकडे जातायत. आमच्याकडं एका प्रोजेक्टमध्ये (तो पण दुधाचाच होता, नाव नाही सांगत) इनममध्ये आधी काऊ, मग बफेलो असं होतं. म्हणजे गाय ०, म्हैस १. एका उत्साही मुलानं शेळी घालायची म्हणून गोट जोडलं आणि जोडता जोडता यादी इंग्रजी वर्णानुक्रमानं लावून दिली: बफेलो, काऊ, गोट. कोड रिव्ह्यूमध्ये सगळ्यांना छान वाटलं. टेबलातल्या जुन्या ओळी तशाच, पण आता ० म्हणजे म्हैस! रिपोर्टमध्ये गाईचं दूध म्हशीच्या दरानं आणि म्हशीचं गाईच्या. कुठं एरर नाही, कारण डेटाबेसच्या दृष्टीनं सगळं बरोबरच होतं. म्हैसवाले दुसऱ्या दिवशी दारात उभे होते. गायवाले आले नाहीत कोणी, ते का येतील.

तर इन्युमरेटेड स्ट्रिंग लाव, टेबलात अक्षरं जाऊ देत. त्यात पण एक गोम आहे, हायबरनेट ६.२ पासून टेबल त्यानं बनवलं तर इनमच्या कॉलमवर चेक कन्स्ट्रेंट पण टाकतं, की एवढ्याच किमती चालतील. उद्या तू शेळी वाढवलीस तर अपडेट तो जुना चेक बदलत नाही, आणि शेळीची पहिली नोंद टाकताना डेटाबेस नाही म्हणतो. बाळूदादा, हे तुमच्यासाठी पण.

आणि पंधरा-सोळा आकड्यांचं उत्तर सोपं आहे, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम, कशालाही डबल नको. बिगडेसिमल घे. पण प्रिसिजन (एकूण आकडे) आणि स्केल (पॉइंटनंतरचे आकडे) तूच दे, नाहीतर हायबरनेट ६ न्यूमेरिक(३८,२) असं भलंमोठं काहीतरी बनवतं, आधीच्या व्हर्जनमध्ये १९,२ होतं. फॅटला न्यूमेरिक(३,१) पुरतं, मशीन ३.५, ८.५ असंच दाखवतं ना? लिटरला (६,२), रकमेला (१०,२). पैसे राउंड कुठं करायचे, प्रत्येक पावतीला की शेवटी बिलाला, हे मात्र काकांना विचार, ते कोडिंगचं काम नाही.

---

बिनधास्त_बाळू

म्हैसवाल्यांचं वाचून हसून हसून पुरेवाट 😂 बरं बाबा, मी पण बॅकअप घेऊन ठेवतो आज. पण माझं म्हणणं अजून तेच आहे, शिकताना अपडेट चालतं.

---

एसक्यूएल_आजोबा

शिकताना चालतं, मान्य. मी तर म्हणतो शिकताना क्रिएट-ड्रॉप वापर, दर वेळी पाटी कोरी. पण काकांचं बिल त्यावर निघायला लागलं त्या दिवशी शिकणं संपलं ना. एका जुन्या नोकरीत टेस्टची सेटिंग फाइल चुकून चालू सर्व्हरवर गेली, त्यात क्रिएट होतं. क्रिएट म्हणजे आधी टेबलं ड्रॉप आणि मग नवीन. रिस्टार्ट झाला, टेबलं एकदम स्वच्छ, एक ओळ नाही. रात्रीचा बॅकअप होता म्हणून दिवसाचंच काम गेलं. तेव्हापासून माझा नियम, अ‍ॅपच्या डेटाबेस युजरला टेबल बनवायचा-पाडायचा हक्कच द्यायचा नाही, टेबलं दुसऱ्या युजरच्या मालकीची. मग सेटिंगमध्ये कोणी काहीही लिहो.

कऱ्हाडकर, फ्लायवे वापर, टेबलांच्या स्क्रिप्टा क्रमानं चालवणारं टूल आहे ते. रिसोर्सेसमध्ये डीबी, त्यात मायग्रेशन असा फोल्डर कर, त्यात फाइली: व्ही१, दोन अंडरस्कोअर, मग नाव. एक अंडरस्कोअर टाकलास तर चालत नाही, दोनच. स्प्रिंग बूट हायबरनेटच्या आधी फ्लायवे चालवतं, त्यामुळं आधी टेबलं तयार आणि मग व्हॅलिडेट. फ्लायवे १० पासून पोस्टग्रेससाठी वेगळी डिपेंडन्सी लागते, ती नसेल तर अनसपोर्टेड डेटाबेस म्हणून ओरडतं, तेव्हा गोंधळू नकोस.

तुझी टेबलं आधीच आहेत, म्हणून बेसलाइन-ऑन-मायग्रेट ट्रू कर. आणि हे नीट वाच: बेसलाइन केलं की तो आहे त्या डेटाबेसला व्ही१ समजतो आणि व्ही१ ची फाइल चालवत नाही. म्हणून व्ही१ मध्ये आत्ता जे आहे तेच लिही, सुधारणा सगळ्या व्ही२ पासून.

---

नवखा_कऱ्हाडकर

सगळ्यांचे लई आभार, फॅट परत मिळालं, ओळी मोजल्या, जुळल्या. बिल निघालं. इनम बघितलं तर खरंच ०, १ होतं रेवतीताई, अंगावर काटा आला.

मग म्हटलं डेटा अजून थोडाच आहे, टेबलं पहिल्यापासून स्वतः लिहू, जुना डेटा त्यात ओतू. व्ही१ लिहिलं, व्हॅलिडेट लावलं आणि मग रविवार गेला. आधी आयडीवर एरर, मिळालं सीरियल इंटिजर, हवं होतं बिगइंट. जावामध्ये लाँग आहे आणि मी सीरियल लिहिलं होतं. बिगसीरियल केलं. मग म्हणे संकलन_सीक्यू नावाचा सीक्वेन्स (डेटाबेसमधला पुढचा नंबर देणारा काउंटर) नाही. तो बनवला. मग म्हणे तुझ्या एंटिटीत इन्क्रिमेंट ५० आणि डेटाबेसमध्ये १. ५० केलं, आणि चालू झालं एकदाचं!

सोमवारी सकाळी १४ पावत्या झाल्या आणि लाईट गेली. लाईट आल्यावर अ‍ॅप चालू केलं तर पुढची पावती थेट ५२. काका पावती हातात धरून विचारतायत, "मधल्या पावत्या कुठं गेल्या? मी ऑडिटला काय सांगू?" काय करू राव.

---

पुणेरी_जावा

काकांचा प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे, तू आयडी पावतीवर छापतोयस ही चूक.

काय झालं ते ऐक. जनरेटेड-व्हॅल्यूला काही सांगितलं नाहीस म्हणजे ऑटो, आणि हायबरनेट ६ मध्ये पोस्टग्रेसवर ऑटो म्हणजे प्रत्येक एंटिटीचा वेगळा सीक्वेन्स, एंटिटीचं नाव आणि पुढं सीक्यू. आधीच्या ५ मध्ये सगळ्यांना मिळून एकच हायबरनेट_सीक्वेन्स असायचा. बिगसीरियलसोबत जो सीक्वेन्स येतो त्याचं नाव टेबल, कॉलम आणि मग सीक्यू असं असतं, म्हणून त्याला तो सापडला नाही. ५० यासाठी की प्रत्येक ओळीला डेटाबेसला नंबर विचारत बसायला नको, एकदा विचारायचं आणि पन्नासचा गठ्ठा घेऊन यायचं. लाईट गेली तेव्हा पहिल्या गठ्ठ्यातले १५ ते ५१ हे नंबर मेमरीत होते, ते गेले. नवीन गठ्ठा ५२ पासून. पावत्या हरवलेल्या नाहीत, त्या कधी झाल्याच नाहीत.

मग १ करून बघतो म्हणशील, किंवा आयडेंटिटी लावतो म्हणशील. आयडेंटिटी तुझ्या केंद्राला चालेल, त्यात हायबरनेट इन्सर्टचं बॅचिंग (अनेक नोंदी एकदम पाठवणं) करू शकत नाही एवढंच, आणि तुला बॅचिंग लागत नाही, एका वेळी एकच माणूस कॅन घेऊन उभा असतो. पण तिथं पण नंबर सुटतात. एखादी नोंद रोलबॅक (मधेच रद्द) झाली की घेतलेला नंबर परत येत नाही. सीक्वेन्स फक्त एवढंच म्हणतो की दोघांना एक नंबर मिळणार नाही. सलग मिळेल असं तो कधीच म्हणत नाही.

---

रेवती_के

बरोबर. पावती क्रमांक हा वेगळा कॉलम कर. एक छोटं टेबल ठेव, पावती_मोजणी, त्यात तारीख आणि वेळ (सकाळ/संध्याकाळ) मिळून प्रायमरी की, आणि शेवटचा क्रमांक. नोंद सेव्ह करताना त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ती ओळ लॉक करून वाच, हायबरनेटमध्ये पेसिमिस्टिक-राइट, एक वाढव, तोच क्रमांक संकलनात टाक. नोंद रोलबॅक झाली तर मोजणी पण मागं येते, मग खड्डा पडत नाही. मोठ्या सिस्टिममध्ये या लॉकमुळं रांग लागेल, पण तुमच्या केंद्रात रांग आधीच लागलेली असते 😄

दर वेळेला १ पासून सुरू केलं तर काकांना एक फायदा, शेवटचा नंबर बघितला की आज सकाळी किती जणांनी दूध घातलं ते कळतं. पण ऑडिटला वर्षभर सलग लागत असेल तर टेबलात तारखेऐवजी आर्थिक वर्ष. विचार त्यांना.

तसंच उत्पादकाचा कोड नंबर. तो पण आयडी नाही ना केलास? १४ नंबरचा माणूस दूध घालायचं बंद करतो आणि दोन वर्षांनी तोच १४ त्याच्या भावाला देतात, आमच्या गावात सर्रास होतं. आयडी आतला, कोड बाहेरचा. कोडला युनिक दे, पण चालू सभासदांपुरता, पोस्टग्रेसमध्ये पार्शल इंडेक्स करता येतो, जिथं सक्रिय ट्रू आहे तिथंच युनिक. हे अ‍ॅनोटेशननं लिहिता येत नाही, स्क्रिप्टमध्येच लिहावं लागतं.

आणि संकलनावर उत्पादक, तारीख, वेळ, जनावर असं एकत्र युनिक टाकलंयस का? बटण दोनदा दाबलं गेलं तर तेच वाचवेल. व्हॅलिडेट युनिक आहे की नाही ते बघत नाही, नॉट नल पण बघत नाही, ते तुझ्यावर.

---

नवखा_कऱ्हाडकर

ताई, युनिक टाकायला गेलो तर काका म्हणाले, थांब, पाटलांच्याकडनं सकाळी दोन कॅन येतात, एक मळ्यातलं एक घरचं, दोन्ही गाईचंच, दोन वेगळ्या पावत्या. मग त्यात कॅन क्रमांक पण घातला, न सांगितल्यास १. असलं काही वहीत बघून कधीच कळलं नसतं.

पावती_मोजणी टाकली, चालतंय, दोन दिवस झाले एक नंबर सुटला नाही. पण आता नवीनच. व्ही२ मध्ये एका कॉलमच्या नावात स्पेलिंग चुकलं होतं ते त्याच फाइलमध्ये नीट केलं, आणि आता अ‍ॅप चालूच होत नाही, चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला आकडा) जुळत नाही म्हणतंय.

---

एसक्यूएल_आजोबा

चालून झालेल्या फाइलला हात लावायचा नाही, बाळा. फ्लायवे प्रत्येक फाइलचा चेकसम आपल्या हिस्टरीच्या टेबलात लिहून ठेवतो, तू एक अक्षर बदललंस तरी त्याला कळतं. व्ही२ होती तशी कर, गिटमध्ये असेल जुनी. मग व्ही३ काढ, त्यात ऑल्टर टेबल, रिनेम कॉलम, जुनं नाव, नवीन नाव. एवढंच. आणि क्लासमधलं नाव पण त्याच कमिटमध्ये बदल.

---

नवखा_कऱ्हाडकर

झालं आजोबा, चालू झालं. रिनेमनं डेटा पण जागच्या जागी राहिला, हेच पहिल्या दिवशी माहिती असतं तर फॅट रिकामं झालंच नसतं. आता काका म्हणतायत उचल आणि पशुखाद्याची कपात पण बिलात पाहिजे, म्हणजे व्ही४. त्याचं टेबल आधी कागदावर काढतो आणि इथं टाकतो, बघा जरा.